मामांचे चोवीस माग, शेजारचे एअरजेट आणि तो एक रुपया सत्तर पैसे

इचलकरंजीत माझ्या मामांची शेड आहे, चोवीस साधे माग, त्यातले काही आजोबांनी घेतलेले. शेडची मागची भिंत आहे ना, तीच पलीकडच्या एअरजेटवाल्याची, म्हणजे हवेच्या झोतानं विणणाऱ्या मागवाल्याची भिंत, त्यामुळं अलीकडून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा खडखडाट आणि पलीकडून हवेचा फसफस आवाज असं दिवसरात्र चालू असतं, आणि मामींना आता त्यातला एक जरी बंद पडला तरी झोपेतून जाग येते. गेल्या दिवाळीला तिथं चार दिवस राहिलो. त्याआधी दोनेक महिने मी कार्ल मार्क्सचं कॅपिटल वाचत होतो, पहिला खंड पूर्ण आणि तिसऱ्यातला नफ्याच्या दराचा भाग, त्यामुळं डोक्यात तेच.

मार्क्सचं म्हणणं सगळ्यांना ढोबळमानानं माहीतच असतं. नवं मूल्य फक्त जिवंत माणसाच्या श्रमातून तयार होतं, मशीन म्हणजे आधीच कुणीतरी केलेले श्रम साठून राहिलेले, ते आपली झीज तेवढी मालात उतरवतं, त्याच्यापुढं एक पैसा घालत नाही. कामगाराला जेवढी मजुरी मिळते त्यापेक्षा जास्त वेळ तो काम करतो, तो जास्तीचा वेळ म्हणजे वरकड मूल्य आणि नफा येतो तो तिथून.

हे मी मामांना जेवताना सांगितलं तर ते घास थांबवून हसायलाच लागले.

"आरं, मग मी करोडपती व्हायला पायजे होतो की. माझ्याकडं बारा माणसं राबत्यात. पलीकडं तेवढ्याच कापडाला दोन-तीन पुरत्यात. आणि गाडी कुणी बदलली बघ."

गाडी पलीकडच्यानं बदलली होती.

आता हा काही बिनडोक प्रश्न नाही, हाच प्रश्न मार्क्सला गेली शंभर-सव्वाशे वर्षं विचारला जातोय, आणि दोन शेडांचा हिशोब समोर असताना तो नीट सोडवून बघावा म्हणून हे लिहितोय. आकडे मी मामांच्या आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून घेतलेत पण गणित सोपं व्हावं म्हणून गोल केलेत, प्रमाणं तेवढी बघा, हे बाजारातले रेट नाहीत. उगाच कुणी त्यावरून भांडू नका.

आधी शेड समजून घ्या

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्यावर, आणि मग गावभर माग झाले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचं बरंच कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडं वळलं. गंमत बघा, म्हणजे तेव्हा मोठ्या मशिनरीवाल्या गिरण्या हरल्या आणि जुनाट मागांवर स्वस्त माणूस बसवणारे जिंकले. ऑटोमेशन नेहमी पुढंच जातं असं काही नाही. मार्क्सनं हे लिहून ठेवलंय, की मालक मशीन कधी घेतो तर ते जेवढे श्रम वाचवतं त्याकडं बघून नाही, जेवढी मजुरी वाचवतं त्याकडं बघून. अमेरिकेत दगड फोडायचं मशीन निघालं तरी इंग्लंडमध्ये कुणी घेईना कारण तिथं दगड फोडणारा माणूस इतका स्वस्त होता की मशीन महाग पडायचं. साधे माग इचलकरंजीत इतकी वर्षं का टिकले याचं उत्तर जवळपास तेच.

मामा 'खर्चीवाले' आहेत. बाहेरच्यांसाठी सांगतो, सूत व्यापाऱ्याचं, उभ्या धाग्यांची बीम व्यापाऱ्याची, तयार ग्रे (न रंगवलेलं) कापड पण व्यापाऱ्याचंच, मामा फक्त विणून देतात आणि पिकाला इतके पैसे अशी मजुरी घेतात. पिक म्हणजे इंचात किती आडवे धागे बसले ते. आणि ते स्वतः विणकराला देतात ते मीटरवर, ५२ पिकाच्या मीटरला इतके. म्हणजे व्यापाऱ्याकडून मिळते ती पण 'मजुरी' आणि कामगाराला द्यायची ती पण 'मजुरी'. एकच शब्द दोन्हीकडं, आणि मामा मधे. पहिल्या खंडात मार्क्सनं नगावरच्या मजुरीवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय, की यात कामगार स्वतःच स्वतःला पळवतो, मुकादम लागत नाही, ते वाचताना मला सारखे आमचे विणकर आठवत होते, बारा तासाची पाळी, सहा-सहा मागांमधून फेऱ्या, धागा तुटला की पळ, धोट्यातली सुताची कांडी संपली की पळ, माग थांबला तर मीटर थांबले आणि मीटर थांबले तर पैसे थांबले.

साधा माग मिनिटाला साधारण १३० पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो. ५२ पिकाच्या एका मीटरला दोन हजाराच्या वर पिक लागतात, म्हणजे तुटातूट, कांडी बदलणं, लाइट जाणं सगळं धरून बारा तासात एका मागावर तीस-पस्तीस मीटर. एअरजेट मिनिटाला ६००-७०० च्या पुढं सहज जातो, धोटाच नाही, हवेच्या झोतानं धागा पलीकडं फेकायचा, कांडी नाही म्हणजे कांडीवाल्या बाया पण नाहीत. तिथं एक विणकर बारा-बारा माग बघतो. नुसता विणकर मोजला तर माणशी कापड बारा-तेरा पट होतं, पण मग तिथं कॉम्प्रेसर बघणारा, इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त करणारा असे वेगळे लोक लागतात, म्हणून मी हिशोबाला पाचपटच धरतो, जरा जास्तच सावध आहे पण असू दे.

आणि एक बारीक गोष्ट. पलीकडं मीटरवर मजुरी नाही, पाळीचा ठरलेला पगार आहे, एअरजेटवर बहुतेक ठिकाणी तसंच असतं. का, तर मीटर किती निघायचे ते आता माणसाच्या पळण्यावर नाही, मशीनवर ठरतं. नगावरची मजुरी हे वेग वाढवायचं हत्यार होतं, वेग मशीनमध्ये गेला की त्या हत्याराची गरज संपली.

हिशोब

विणाईचा मीटरचा भाव सहा रुपये धरा. सूत-बीम व्यापाऱ्याचं असल्यामुळं ते यात नाहीच, बरं झालं.

मामांच्या शेडमध्ये सहा रुपयांतले तीन जातात लाइटबिल, तेल, स्पेअर, मागाची झीज, शेडचं भाडं यात. दोन जातात विणकर, कांडीवाल्या, जॉबर, वहिफणीवाला, दिवाणजी या सगळ्यांच्या मजुरीत. एक रुपया मामांचा. मार्क्सच्या भाषेत तीन रुपये जुने श्रम, आणि तीन रुपये नवं मूल्य, त्यातले दोन कामगाराचे आणि एक वरकड.

पलीकडं झीज, लाइट (कॉम्प्रेसर वीज खातो बाबांनो, भयानक खातो) आणि बाकी मिळून मीटरला ३ रुपये २० पैसे धरू. माणसाचे तास पाचपट कमी, म्हणजे मजुरी मीटरला ४० पैसे. खर्च झाला ३ रुपये ६० पैसे. आता तो विकतो कितीला? सहाला नाही, व्यापारी त्याच्याकडं वळावा म्हणून साडेपाचला. त्याचं कापड पण साफ असतं, तरी साडेपाच. नफा मीटरला १ रुपया ९० पैसे. मामांचा खर्चावर नफा २० टक्के, त्याचा ५३ च्या आसपास. गाडी कुठून आली ते कळलं.

आता मार्क्सवाला हिशोब. त्याच्या कामगारांनी पण मामांच्या कामगारांइतकंच तासाला नवं मूल्य घातलं असं धरलं तर मीटरला नवं मूल्य ६० पैसे, त्यातले ४० मजुरी आणि २० वरकड. म्हणजे त्याच्या कापडाचं स्वतःचं मूल्य ३ रुपये ८०. पण बाजारात मूल्य ठरतं ते एका शेडवरून नाही, त्या मालाला सर्वसाधारणपणे किती श्रम लागतात त्यावरून, आणि अजून सर्वसाधारण म्हणजे साधे मागच आहेत. म्हणून तो तीन ऐंशीचा माल साडेपाचला विकू शकतो. १ रुपया ९० मधले २० पैसे त्याच्या स्वतःच्या कामगारांचे, उरलेले १ रुपया ७० पैसे हे या फरकाचे. पहिल्या खंडात मार्क्सनं हे असंच गणित शिलिंग-पेन्समध्ये केलंय, वस्तूचं बाजारातलं मूल्य एक शिलिंग, नव्या पद्धतीनं करणाऱ्याचं नऊ पेन्स, तो विकतो दहा पेन्सला आणि एक पेनी जास्तीची खिशात घालतो.

मला स्वतःला इथं पहिल्यांदा नीट कळलं की एअरजेटचा नफा एअरजेटमध्ये नाहीये. तो मामांच्या चोवीस मागांमध्ये आहे, म्हणजे ते अजून चालू आहेत यात आहे. भाव सहाच्या आसपास धरून ठेवणारे हे साधे माग आहेत. उद्या गावातले सगळे साधे माग बंद झाले आणि सगळीकडं एअरजेट आले की साडेपाचला कोण घेईल? एअरजेटवालेच एकमेकांचे भाव पाडणार. आणि तसं झालंही, गेल्या काही वर्षांत गावात शटललेस (बिनधोट्याचे) माग वाढत गेले तसा त्याचाही रेट खाली येत गेला, हे त्यानंच मला फटाके उडवताना सांगितलं, हातात फुलबाजी आणि तोंडावर बारा वाजलेले.

मग तो १ रुपया ७० पैसे आला कुठून, यावर मार्क्सवाल्यांतच दोन गट आहेत आणि दोघंही मार्क्सचाच आधार देतात. एक म्हणतो ही सरळ उचल आहे, साध्या मागवाल्यांकडून आणि बाकी समाजाकडून आलेलं मूल्य. दुसरा पहिल्या खंडातल्या त्या वाक्यावर बोट ठेवतो जिथं मार्क्स म्हणतो की सरासरीपेक्षा जास्त उत्पादक असलेले श्रम हे जणू घट्ट केलेल्या, दाट श्रमासारखे वागतात, म्हणजे तेवढ्याच तासात खरोखरच जास्त मूल्य तयार करतात. मला पहिलं वाचन पटतं. दुसरं मानलं तर मशीन बदललं की तोच विणकर अचानक पाचपट मूल्यवान होतो आणि शेजाऱ्यानं पण तेच मशीन घेतलं की पुन्हा साधा, हे शब्दांचे खेळ वाटतात. पण हे पण खरं की पहिल्या वाचनात 'उचल' कुणाकडून, किती, हे वहीत दाखवता येत नाही. मामांच्या वहीत कुठंही 'एअरजेटला दिले' असा खर्च नाहीये. त्यांना दिसतं ते एवढंच की व्यापारी पूर्वी सहा द्यायचा, आता पाच ऐंशी म्हणतो.

"आणि बैलाचं काय?"

दुसऱ्या दिवशी मामांनी सकाळी चहाला खरा प्रश्न काढला. त्यांचं मूळ शिरोळ तालुक्यातलं, शेती अजून आहे.

"बैलाला वैरण घालतो, पेंड घालतो. त्याच्या किमतीपेक्षा जास्तीचं काम करून घेतो म्हणून तर पाळतो. मग बैलाचं बी वरकड झालं की. मागाचं बी झालं. माणसातच काय सोनं लागलंय?"

मी गप्पच बसलो थोडा वेळ. कारण हा आक्षेप जॉन रोमर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९८२ साली गणितानं मांडलाय, तोही डावाच होता हे विशेष. त्याचा मुद्दा असा की नफा आहे म्हणजे श्रमाचं शोषण आहे हे सिद्ध करता येतं, पण त्याच पद्धतीनं नफा आहे म्हणजे लोखंडाचं किंवा विजेचं 'शोषण' आहे हेही सिद्ध होतं. गणिताला माणूस आणि लोखंड यात फरक कळत नाही. मामांनी रोमर वाचलेला नाही, बैल पाळलेत.

मी जे उत्तर दिलं ते मला अजून बऱ्यापैकी पटतं, पूर्ण नाही. बैल बाजारात विकत घेताना त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या कामाचा अंदाज किमतीत येतोच, दोन गिऱ्हाईकं भांडून किंमत वर नेतात, म्हणजे बैलाकडून जास्तीचं जे निघणार ते बऱ्यापैकी विकणाऱ्यानं आधीच खाल्लेलं असतं. एअरजेटचं तेच, ते बनवणारी कंपनी काय धर्मादाय नाही, मशीन किती मजुरी वाचवतं ते बघूनच किंमत लावते. आणि बैल काय, माग काय, पैदास करणारे, बनवणारे आहेत, भाव चढला की जास्त बनवतात आणि भाव खाली आणतात. माणूस तसा नफ्यासाठी कारखान्यात बनवत नाहीत. आणि तो स्वतःला विकत नाही, तास विकतो, आणि त्या तासात किती काम निघेल हे सौद्यात ठरत नाही, शेडमध्ये ठरतं, रोज, खेचाखेचीनं. २०१३ च्या सुरुवातीला इथल्या यंत्रमाग कामगारांचा संप झाला, महिन्याच्या वर चालला, आख्खं गाव शांत. मजुरी हा असा आकडा आहे की ज्याच्याशी बोलावं लागतं. बैल रेट वाढवून मागत नाही.

मामा म्हणाले, "न्हाई, पण बसून घेतोय की." ते पण खरं.

पण लक्षात घ्या, मी जे सांगितलं ते माणूस *वेगळा* का हे आहे. माणूसच एकटा मूल्याचा उगम हे त्यानं सिद्ध होत नाही. रशियन अर्थशास्त्रज्ञ दिमित्रिएव यानं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच दाखवून दिलं होतं की मशीनच मशीन बनवतायत, माणूस एक पण नाही अशी अर्थव्यवस्था कल्पनेत मांडली तरी गणितात नफ्याचा दर शून्याच्या वर येऊ शकतो. मशीननं स्वतःच्या झिजेपेक्षा जास्त मशिनं बनवली की झालं. मार्क्सवाले म्हणतात मग ती वस्तूंची भर झाली, मूल्याची नाही, अशा जगात विकणार कोण आणि घेणार कोण. मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

तीन ऐंशी का चार बत्तीस

आता समजा सगळीकडं एअरजेट झाले. वरच्या हिशोबानं भाव ३ रुपये ८० ला येणार आणि नफा उरणार २० पैसे, खर्चावर साडेपाच टक्के. मार्क्सचा तो प्रसिद्ध तक्ता आठवतो, तिसऱ्या खंडातला, जो त्याचा मित्र एंगल्स यानं १८९४ मध्ये मार्क्स गेल्यावर छापला. मजुरी १००, वरकड १००, दोन्ही तेच, फक्त मशीन-कच्च्या मालाचं भांडवल ५० वरून ४०० पर्यंत वाढवत नेलं, तर नफ्याचा दर ६६ टक्क्यांच्या वरून २० वर येतो. माणूस कमी, मशीन जास्त, दर खाली.

पण थांबा, साडेपाच टक्क्यावर कोण शेड चालवेल? बँकेत ठेवले तर तेवढे मिळतात. भांडवल तिथून निघून दुसऱ्या धंद्यात जाणार, कापड कमी पडणार, भाव चढणार, कुठवर तर बाकी धंद्यांत मिळतो तेवढा दर मिळेपर्यंत. तो २० टक्के धरला तर ३ रुपये ६० खर्चावर भाव ४ रुपये ३२ ला थांबेल. मूल्य ३ रुपये ८०, भाव ४ रुपये ३२. मधले ५२ पैसे (५२ पिकाशी संबंध नाही, योगायोग) मार्क्सच्या मते दुसऱ्या, जास्त माणसं राबवणाऱ्या धंद्यांतून आलेलं वरकड, कारण नफा वाटला जातो तो कुणी किती माणसं राबवली यावर नाही, कुणी किती भांडवल घातलं यावर. त्यामुळं एखाद्या रोबोटच्या कारखान्यात माणूस दिसत नाही आणि नफा मात्र दणक्यात, यानं मार्क्स खोटा पडत नाही, त्याला हे माहीत होतं. पण मूल्यातून भाव काढायची त्याची पद्धत अर्धवट राहिली होती, माल विकताना नवा भाव लावला पण तोच माल कच्चा माल म्हणून घेताना जुन्या मूल्यानंच मोजला. १९०७ मध्ये बोर्टकिएविच नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि ते भांडण अजून संपलेलं नाही.

मग १९६१ मध्ये ओकिशिओ. नोबुओ ओकिशिओ, जपानी अर्थशास्त्रज्ञ, स्वतः मार्क्सवादी परंपरेतला, आणि त्यानंच या घसरत्या दराच्या म्हणण्यावर घाव घातला. त्याचं म्हणणं मामांना समजेल असं सांगतो. शेजाऱ्यानं एअरजेट का घेतला, तर आजच्या भावानं खर्च कमी येतो म्हणून. येत नसता तर घेतलाच नसता. बरोबर? मग ते तंत्र सगळीकडं पसरलं, कापड स्वस्त झालं, ज्याला ज्याला कापड लागतं त्याचा खर्च कमी झाला, आणि कामगाराला त्याच्या मजुरीत पूर्वीइतक्याच वस्तू मिळतायत, जास्त नाही, तर मग सगळ्यांचा मिळून नफ्याचा दर खाली जाऊच शकत नाही. एकतर वाढेल, नाहीतर तेवढाच राहील. प्रत्येकानं खर्च कमी करायचा आणि सगळ्यांचा मिळून दर घसरायचा, हे गणितात बसत नाही.

दिवाळीच्या आधी मी ओकिशिओच्या बाजूनं होतो, पक्का. शेजाऱ्याच्या हप्त्यानं मला हलवलं.

त्यानं एअरजेट घेतले कर्जावर. १९९९ पासून केंद्राची टफ योजना होती, आधुनिक मशिनरीच्या कर्जावर व्याजाची सवलत, तिच्या जोरावर या भागात खूप जणांनी घेतले, अशा सवलती बघितल्या की 'स्पर्धा' हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो. असो. तर मशीनची किंमत त्यानं घेतली तेव्हा जी होती त्यावर हप्ता बसला. नंतर त्याच जातीचं मशीन स्वस्त झालं, परदेशातली सेकंडहँड मशिनं पण यायला लागली, आणि नवा माणूस त्याच्या निम्म्या पैशात तेच कापड काढायला लागला. बाजारभाव नव्या माणसाच्या खर्चाकडं सरकतोय. हप्ता मात्र जुन्याच किमतीवर. बँक म्हणत नाही की बाबा आता मशीन स्वस्त झालंय, तुझं मुद्दल कमी करतो.

ओकिशिओच्या गणितात मशीन घेतानाची किंमत आणि माल विकतानाची किंमत एकच धरलेली असते, सगळं एकाच वेळी, स्थिरस्थावर. अँड्र्यू क्लायमन वगैरे मार्क्सवादी लोक नेमकं इथंच भांडतात, की भांडवल आधी घातलं जातं आणि नफा नंतर येतो, मधल्या काळात उत्पादकता वाढून भाव पडले तर खरोखर घातलेल्या पैशावर दर घसरतो, गणितात तो न घसरता दिसला तरी. पुस्तकात हे वाचताना मला पळवाट वाटली होती. त्या माणसाच्या तोंडून हप्त्याचं ऐकलं तेव्हा पळवाट वाटली नाही. तरी माझं मत विचाराल तर यातून कायमचा *नियम* निघत नाही, जुनी शेड बुडाली, भंगारात गेली, की तिच्या जागी येणारा स्वस्त मशीनवर नव्यानं सुरू करतो आणि त्याचा दर चांगला असतो. दर पडतो आणि बुडणाऱ्यांच्या जिवावर परत उठतो असं काहीतरी. मार्क्सचा संकटांबद्दलचा भाग मला म्हणूनच त्या तक्त्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

शिवाय घसरण अडवणाऱ्या गोष्टींची त्यानं स्वतःच यादी दिलीय आणि ती वाचताना मला वाटलं हा माणूस इचलकरंजीला येऊन गेला की काय. भांडवली माल स्वस्त होणं, ती सेकंडहँड मशिनं. कामाचा ताण वाढवणं, ती बारा तासाची पाळी आणि चारचे सहा, सहाचे आठ माग. हाताला काम नसलेल्यांचा साठा, तर आज मामांच्या शेडमध्ये दोन विणकर बिहारचे, एक ओडिशाचा, आधी सोलापूर आणि कर्नाटकातून यायचे. ही माणसं आहेत म्हणून साधा माग अजून चालतो. ती महाग झाली की दुसऱ्या दिवशी मामांची शेड बंद, हे मामाच म्हणतात, आणि मग भाव धरून ठेवणारं कुणी नाही, म्हणजे पलीकडच्याचे एक रुपया सत्तर पण गेले. स्वतःला मशीनवाला म्हणवणारा तो माणूस बिहारहून येणाऱ्या गाडीवर टेकून उभा आहे.

आता एक प्रामाणिक अडचण. हा सगळा किस्सा कुठल्याही साध्या अर्थशास्त्राच्या मास्तरला दिला तर तो म्हणेल, यात मार्क्स कशाला पाहिजे, पहिल्यानं नवं तंत्र आणलं, त्याला काही काळ जादा नफा मिळाला, स्पर्धा आली, तो गेला. आणि दोन शेडांच्या वह्या बघून हे दोन सिद्धांत वेगळे करता येत नाहीत, मी करून बघितलं, भाव तेच, नफा तोच. फरक पडतो तो तुम्ही 'मजुरीचे दोन रुपये' या ओळीकडं कसं बघता त्यात. मास्तरसाठी ती लाइटबिलासारखीच एक ओळ आहे. मी त्या शेडमध्ये पहाटे चारला गेलोय, विणकर उभ्याउभ्या डुलकी काढत होता आणि धागा तुटल्याचा आवाज बदलला की डोळे न उघडता बरोबर त्या मागाकडं चालायला लागायचा. मला ती ओळ लाइटबिलासारखी वाचता येत नाही, पण हा काही पुरावा नव्हे हे मलाही कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी सांगितलं की आठ माग देऊन टाकायचं ठरतंय. माग कुणी माग म्हणून घेत नाही आता, भंगारवाला किलोवर घेतो. उरलेल्या सोळावर धोतीचं काम मिळतंय ते करत राहायचं.

संध्याकाळी शेजारी फराळाला आला. त्याला म्हटलं तुमचं तरी बरं चाललंय. तर म्हणाला, आता एका मोठ्या कंपनीचं काम धरलंय, सूत त्यांचं, बीम त्यांची, कापड त्यांचं, पिकाला ठरलेले पैसे.

"म्हणजे तू बी खर्चीवालाच झालास की," मामा म्हणाले आणि त्याच्या ताटलीत अजून एक करंजी ठेवली.

तो म्हणाला, "व्हय. फक्त हप्ता मोठा हाय."